घडी

घरमालकाच्या उरलेल्या वॉलपेपरची पाठ
शाल्मलीने जमिनीवर पसरली, चार कोपऱ्यांवर चार वाट्या,
आणि मोरकमच्या त्या भाड्याच्या घरात
आठवडाभर एक जग चालू होतं.

उत्तरेला थोरव. दगडी घरं, केसांत मीठ.
दक्षिणेला इलीम. ते शेवाळाच्या दोऱ्याने होड्या शिवतात
आणि मेलेल्यांना नावाने हाक मारत नाहीत.
मधे डोंगर.
"किती उंच?" मी विचारलं, कणीक मळता मळता.
"चारशे वर्षं," ती म्हणाली.

डोंगर तिने काढला नव्हताच.
मी कागद कपाटात कोंबला तेव्हा पडलेली घडी,
काही केल्या सपाट होईना,
म्हणून तिने तिथे देश संपवले.

आमच्या घडीपलीकडे मिस्टर एन्टविसल राहतात.
एकच विटेची भिंत, दोन्हीकडून आपापल्या रंगाची.
सहा वर्षांत आमच्यात झालेला एकूण व्यवहार:
कचऱ्याचा कुठला डबा कुठल्या वारी,
आणि एकदा त्यांच्या बायकोच्या नावाचं
चुकून आमच्याकडे आलेलं पत्र,
ती गेल्यावर दोन महिन्यांनी.
मी ते त्यांच्या दारातून आत सरकवलं. बेल वाजवली नाही.
माझ्या आईने त्या आठवड्यात
पिठलं-भात झाकून नेला असता.
मी नाइट ड्यूटीला गेले.

भिंतीतून त्यांचा खोकला कळतो, किटली कळते,
रात्री अडीचला रेडिओवर समुद्राचं हवामान.
त्यांना आमचं काय कळतं
याचा विचार मी कधी केला नव्हता.

शनिवारी शाल्मली शब्दकोश करायला बसली.
थोरवांचे शब्द डावीकडे, इलीमांचे उजवीकडे,
पाण्याला वेगळा, आगीला वेगळा, आईलासुद्धा.
विरजणाला मात्र दोन्हीकडे एकच: लुमा.
"चुकलीस," मी म्हटलं. "हे भेटलेच नाहीत ना कधी?"
तिने माझ्याकडे पाहिलं, परक्या मुलखातल्या बाईकडे पाहावं तसं.
"कुणीतरी एका रात्री वाटी घेऊन गेलं असणार.
लिहून कोण ठेवतं?"

दुपारी मागच्या अंगणात कपडे काढत होते,
खाडीवरून पाऊस येत होता, आडवा.
कुंपणापलीकडे त्यांची कुत्री
सीगलवर भुंकत सुटली,
आणि मिस्टर एन्टविसल,
कोळंबी पकडण्यात जन्म गेलेला माणूस,
जाड, खारट आवाजात ओरडले:
"बास! बास गं, बास!"
कुत्री गप्प खाली बसली.

चिमटा माझ्या दातांत तसाच.
शब्द माझा. "गं"सुद्धा माझा.
सहा वर्षं मी शाल्मलीवर ओरडत होते
ते विटा ओलांडून, रंगाचे थर ओलांडून
तिकडे गेलं होतं आणि कामाला लागलं होतं.
त्यांनी वर पाहिलं. जरा ओशाळले.
"हे ऐकते ती," म्हणाले, "माझं काही ऐकत नाही."
मला पुष्कळ बोलायचं होतं.
मी म्हटलं, "पाऊस येतोय."
ते म्हणाले, "येतोय खरा."
एवढंच.

जेवायला जागा हवी म्हणून नकाशा मिटला होता.
रात्री उघडला, तर शाई तेव्हा ओलीच असणार:
थोरवांची नदी इलीमांच्या रानात उमटलेली,
उलटी, फिकी, डोंगराकडे चढणारी.
"खोडू का गं?"
"नको," शाल्मली, अर्धी झोपेत. "सापडू दे त्यांना."

मग दही लावायचं राहिलंय हे आठवलं.
दोन वाट्यांत लावलं. दुसरी कुणाला, ते ठरवलं नाही.
दोन्ही ओट्याच्या टोकाला, भिंतीला टेकवून ठेवल्या.
पलीकडे त्याच जागी त्यांचा बॉयलर आहे;
थंडीत आमचं दही
पहिल्यापासून तिथेच लागतं.